लगेज काटा: सेवेसाठी परदेशी जाणाऱ्यांच्या बॅगांवर काही महिने वापरून

हातात धरून बॅग उचलायचा साधा डिजिटल काटा. क्षमता 50 किलो, आकडा 10 ग्रॅमपर्यंत, आत सीआर 2032 चा बटणसेल, खाली नायलॉनचा पट्टा. किंमत हजाराच्या आत. कोल्हापुरातून मिशनच्या कामासाठी बाहेर निघणाऱ्यांनी घ्यावा का? जरूर. फक्त त्या 10 ग्रॅमवर भुलू नका. विमानतळावर तिथलाच काटा चालतो, म्हणून अर्धा किलो हातचा ठेवायचा.

आधी काटा चालू करून शून्य येऊ द्या, मग बॅग लावा. बॅग लटकत असताना चालू केला तर तेवढं वजन तो शून्यातच धरतो. उचलताना बॅग मांडीला टेकली तर वजन कमी दिसतं, झुलली तर आकडा थांबतच नाही. 20 किलोच्या वर एकट्याचा हात थरथरतो, तेव्हा काट्याच्या मुठीतून मजबूत काठी घालून दोघांनी उचलावं. हॉटेलच्या कपाटातल्या दांडीला मात्र टांगू नये. ती शर्ट-पँटसाठी असते; उखडली की बिलात लागते.

सामानात एककाचं बटण आपोआप दाबलं जातं आणि किलोऐवजी पौंड दिसू लागतात. 23 किलोच्या बॅगेला 50.7 दिसलं तर घाबरू नका, कोपऱ्यातलं अक्षर बघा. सेल उतरला की आकडे भरकटतात. खात्री करायची असेल तर दीड लिटरच्या सहा सीलबंद बाटल्यांचा गठ्ठा टांगा. 9 किलोपेक्षा थोडंसंच जास्त यायला हवं. कुठल्याही देशातल्या हॉटेलबाहेर हे जमतं.

खरी कसोटी निरोपाच्या वेळी. आपल्याकडचा निरोप समारंभ म्हणजे शाल, श्रीफळ, गुळाची भेली, काकवीची बाटली, कांदा-लसूण चटणी आणि कुणीतरी हमखास चपलांचा जोड. शाल, चप्पल, गूळ यांचा प्रश्न फक्त वजनाचा. सुकं खोबरं विमानात चालत नाही, कारण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं; म्हणून श्रीफळही घरीच ठेवलेलं बरं. काकवी द्रव पदार्थात मोडते, हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वर नाही. चटणी मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. तेल सुटलं की पवित्र शास्त्राच्या पानांनाही वास लागतो. रिकाम्या बॅगेचं वजन आतल्या कप्प्यात लिहून ठेवा. मोठी बॅग स्वतःच चार किलोच्या आसपास भरते, हे विमानात मंजूर असलेल्या 23 किलोंमधून आधीच गेलेलं असतं.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईचं तिकीट वेगळं काढलं तर बहुतेक देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटांवर 15 किलोच मिळतात, पुढच्या विमानात 23 च्या दोन बॅगा मंजूर असल्या तरी. एकाच पीएनआरवर तिकीट घ्या, नाहीतर सरळ महालक्ष्मी एक्सप्रेस.

परतताना गंमत उलटी. तिथली मंडळी शेवटच्या प्रार्थनासभेत भेटी देतात आणि सकाळी चेक-आउट असतं. पूर्व आफ्रिकेत किटेंगेचं कापड दिलं तर हलकं, केनियातल्या किसी भागाच्या दगडातली कोरीव वस्तू दिली तर जड. नाही म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून प्रत्येक भेट कापडी पिशवीत घालून वेगळी तोला. जड पण टिकाऊ वस्तू हातातल्या बॅगेत, बहुतेक ठिकाणी ती 7 किलोपर्यंत. कापड मोठ्या बॅगेत. जागा करायला जुने टॉवेल आणि उरलेली साबणपावडर हॉटेलच्या सफाई कामगारांना विचारून द्यावी. एकाच बॅगेत सगळं कोंबू नये: 32 किलोच्या वरची बॅग जादा पैसे भरूनही सहसा घेत नाहीत.

काटा हातातल्या बॅगेच्या बाहेरच्या खणात ठेवावा, म्हणजे सगळ्या बॅगा बंद झाल्यावरही सापडतो. महिना-दोन महिने पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा. एक जादा सेल त्याच्या मूळ वेष्टनातच असू द्या, सुटा नको. नाण्यांना लागून शॉर्ट होतो.