छापलंय 40 अँपिअर, आत आहे 16चा ट्रायॅक

टॉवेल किंवा चादरीच्या कारखान्यात ड्रायरचे हीटर पीएलसीवरून (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकावरून) चालू-बंद करायला सॉलिड स्टेट रिले, म्हणजे एसएसआर (हलणारा भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) घेणार असाल, तर आधी हे वाचा. नामांकित कंपनीचा छाप मारलेले एसएसआर अर्ध्या भावात गळ्यात मारले जातात. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात असे 3 नग 18 किलोवॉटच्या थ्री-फेज हीटरला लागले. पैसे यूपीआयने कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर, बिलाच्या जागी ‘एस्टिमेट’ लिहिलेली चिठ्ठी. एक नग शॉर्ट झाला, हीटर बंदच होईना, आणि 415 व्होल्ट मागे फिरून पीएलसीचं आउटपुट कार्डही घेऊन गेले. विक्रेता म्हणाला, “तुमच्या वायरमनने हीटसिंक नीट बसवला नाही. जळालेला माल परत होत नाही.”

हीटसिंक म्हणजे नगाची उष्णता बाहेर टाकणारा, पाती असलेला धातूचा ठोकळा. हा बचाव ठरलेलाच असतो, आणि तो पचतो, कारण जळाल्यावर दोष कुणाचा ते सांगणं खरंच अवघड.

हिशोब साधा आहे. 18 किलोवॉट, 415 व्होल्ट, म्हणजे फेजला 25 अँपिअर. अस्सल 40 अँपिअरच्या एसएसआरला हे झेपतं. बनावट नग फोडला की आत बेसला स्क्रूने आवळलेला तीन पायांचा 12 किंवा 16 अँपिअरचा ट्रायॅक (प्रत्यक्ष वीज चालू-बंद करणारा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग) निघतो. रंगवलेल्या झाकणाला नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा लावा, पुष्कळदा वरचा छाप निघून खाली दुसराच आकडा दिसतो.

अँपिअर एकदा कुणी तरी बघतो, व्होल्टेजकडे कुणाचं लक्ष जात नाही. दुकानात सर्रास मिळतो तो 24-380 व्होल्ट एसीचा नग. त्याचं आतलं उपकरण बहुधा 600 व्होल्ट शिखर (एसीच्या लाटेचं सर्वात वरचं टोक) सोसणारं असतं. आपल्या 415 व्होल्टचं शिखर 587 होतं, लाइन 440 झाली तर 622. मोटर बंद होतानाचे झटके वेगळेच. न्यूट्रल नसलेल्या जोडणीत हा नग अस्सल असला तरी टिकणार नाही. 480 व्होल्ट एसीचा, 1200 व्होल्ट शिखर सोसणारा नग मागा आणि हे आकडे बिलावर लिहून घ्या. इथेच निम्मे ठग गळतात.

बसवण्याआधी टेबलावर भार द्या. नग हीटसिंकवर पेस्टचा पातळ थर लावून आवळा, इनपुटला 24 व्होल्ट डीसी, आउटपुटला 230 व्होल्टवर 3 किलोवॉटचे 2 गिझर कॉइल पाण्यात बुडवून, म्हणजे साधारण 26 अँपिअर. पुढे 32 अँपिअरचा एमसीबी. नग पत्र्याच्या डब्यात ठेवा, फुटला तर तुकडे उडतात. अर्धा तास चालू द्या. चालू असताना आउटपुटवर 1 ते 1.6 व्होल्ट दिसायला हवेत. 16चा ट्रायॅक असेल तर तो इथेच मान टाकतो. मग तारा काढून आउटपुटची दोन टोकं एकत्र, इनपुटची दोन एकत्र जोडा आणि 500 व्होल्ट मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) आउटपुट-बेस आणि आउटपुट-इनपुट पाहा. 100 मेगाओहमपेक्षा कमी आलं तर तो नग पॅनेलच्या जवळही आणू नका. पीएलसीचं कार्ड याच फटीतून जळतं.

आता बसवण्याकडे. एसएसआर अँपिअरमागे साधारण सव्वा वॉट उष्णता टाकतो. 25 अँपिअरला 30 वॉट, तीन नगांचे 90. सोलापुरात उन्हाळ्यात बाहेर 42 अंश असताना बंद पॅनेलमध्ये 55 सहज होतात, आणि बहुतेक नगांची क्षमता 40 अंशांनंतर उतरायला लागते. त्यात आपल्याकडे कापसाची रुई हीटसिंकच्या पात्यांत गोधडीसारखी बसते. पाती उभी ठेवा, वर-खाली हवेला वाट द्या, दर आठवड्याला ब्लोअर मारा.

एसएसआर बिघडतो तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊन, उघडा होऊन नाही. म्हणून त्याच्या आधी कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने जोडला-तुटणारा मोठा स्विच) हवाच. त्याची कॉइल वेगळ्या हाय-लिमिट थर्मोस्टॅटमधून (तापमान मर्यादेबाहेर गेलं की तोडणाऱ्या) न्या, पीएलसीच्या भरवशावर सोडू नका. एमसीबी तार वाचवतो, एसएसआर नाही. त्याला सेमीकंडक्टर फ्यूज, म्हणजे फार झटकन उडणारा फ्यूज लागतो. आउटपुटवर एमओव्ही (व्होल्टेजचे झटके शोषणारा भाग) लावाल तो 415च्या लाइनसाठीचा, 275 व्होल्टचा लावलात तर तोच आधी फुटेल. 24 व्होल्टच्या तारा वेगळ्या डक्टमधून, हीटसिंकला अर्थिंग, तारेच्या प्रत्येक टोकाला दाबून बसवलेला धातूचा लग.

बंद एसएसआरमधूनही काही मिलीअँपिअर गळतात, त्यामुळे भार काढलेला असताना मीटर जवळपास पूर्ण व्होल्टेज दाखवतो. ‘सिग्नल नाही, म्हणजे लाइन बंद’ असं समजून हीटरच्या टोकाला हात लावू नका. आयसोलेटर खाली, कुलूप, टेस्टरने तिन्ही फेज तपासून मगच.

फसलाच असाल तर जळालेला नग फोडू नका, फोटो काढून तसाच ठेवा. चिठ्ठीवर जीएसटी क्रमांक असेल तर पोर्टलवर तपासा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930, ग्राहक हेल्पलाइन 1915. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये व्यापारी हेतूने घेतलेला माल बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला बसतो. दोन-चार माग स्वतः चालवणाऱ्याने तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहावं.