मामांच्या विंडोज ७ वर फायरफॉक्स ईएसआर ११५ (ब्राउझरची दीर्घकाळ सपोर्टवाली आवृत्ती) : पाचपैकी साडेचार स्टार

गणपतीत कराडला गेले तर मामा दारातच म्हणाले, अगं आधी तो कॉम्प्युटर बघ, एक साइट धड उघडेना झालीय. बघितलं तर जिथे जाल तिथे लाल त्रिकोण आणि 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट', आणि मामा बिनधास्त अ‍ॅडव्हान्स्ड दाबून पुढे जात होते, बँकेच्या साइटवरसुद्धा! मला खरंच धडकी भरली.

त्याच वायफायवर माझ्या फोनमध्ये त्याच साइट नीट उघडत होत्या, म्हणजे गडबड मशीनमध्येच. मग खाली कोपऱ्यात तारीख बघितली तर १ जानेवारी २००९. साइट खरी असल्याची ओळख पटवणारी आजची डिजिटल सर्टिफिकेटं २००९ मध्ये सुरूच झालेली नाहीत ना, मग ब्राउझर ती खोटी धरणारच. तारीख नीट केली, पण मामा रात्री मेन स्विच बंद करतात त्यामुळे सकाळी परत २००९. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला, तो ४० रुपयांत आणून बसवला, तारीख टिकली. एका दुकानदाराने मामांना याच दुखण्यावर नवीन मशीन घ्या म्हणून सांगितलेलं, याचा मला अजून राग येतोय.

तरी काही साइट रुसलेल्याच. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ हे जुनं मूळ सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटं खरी धरतात ते) संपलं, लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं वापरणाऱ्या साइटना आता आयएसआरजी रूट एक्स१ हे नवं मूळ सर्टिफिकेट लागतं, आणि मामांचे विंडोज अपडेट कुणीतरी कधीचे बंद करून ठेवलेले त्यामुळे ते मशीनमध्ये नव्हतंच. तिथला जुनापुराणा ब्राउझर भरवशाच्या सर्टिफिकेटांची यादी विंडोजकडूनच घेतो. फायरफॉक्स स्वतःची यादी बरोबर घेऊन येतो, म्हणून माझ्या लॅपटॉपवर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या साइटवरून ईएसआर ११५ चा पूर्ण इन्स्टॉलर उतरवला (मामांचं मशीन ३२ बिट आहे, तुमचं ३२ की ६४ बिट ते आधी बघा आणि तसाच इन्स्टॉलर घ्या), पेनड्राइव्हवरून टाकला आणि सगळ्या साइट एकदम उघडल्या, कुठेही वॉर्निंग नाही. २ जीबी रॅमवर पाच-सहा टॅब आरामात चालतात, मराठी पेपर झकास दिसतात. आधीपासून फायरफॉक्स असेल तर निदान ११५.१३ असू द्या, त्याखालच्यात मोझिलाचं एक मूळ सर्टिफिकेट १४ मार्च २०२५ ला संपलंय आणि अ‍ॅड-ऑन (ब्राउझरला जोडलेल्या जादा सोयी) बंद पडू शकतात.

अर्धा स्टार एवढ्यासाठी कापला की ११५ च्या पुढची फायरफॉक्स विंडोज ७ वर चालतच नाही. आणि विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, तिथे फायरफॉक्स तरी काय करणार, म्हणून पैशांचं काम या मशीनवर नाहीच. मामांना बँकेचं अ‍ॅप फोनवर लावून दिलं, आणि परत लाल त्रिकोण आला तर काही न दाबता आधी मला फोन करायचा असं कबूल करून घेतलंय.