खाऱ्या हवेतली दुर्बीण: नवरात्र ते श्रावण

८×४२ ची दुर्बीण नवरात्रात घेतली, आता श्रावण लागलाय. मधल्या काळात ती हर्णै, आंजर्ले, केळशी, वेळास अशी गळ्यात हिंडली आणि उरलेला वेळ लिहायच्या टेबलावर पडून होती. दुकानात पाच मिनिटं डोळ्याला लावून जे कळत नाही, तेवढंच लिहितो.

आधी आकडे. ८ म्हणजे आठपट, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ नं भागलं की सव्वापाच मिलिमीटर. एवढ्या जाडीचा प्रकाशझोत डोळ्याशी येतो. १०×४२ मध्ये तोच ४.२ होतो. भर दुपारी काही फरक नाही. पण पक्षी बघायची वेळ म्हणजे फटफटतं तेव्हा, नाहीतर दिवेलागणीला, आणि तेव्हा तो फरक जाणवतो: जाड झोतातलं चित्र उजळ दिसतं. शिवाय दहापटीत हाताची थरथरही दहापट. मित्राची दहाची घेऊन होडीतून सुवर्णदुर्गाकडे बघितलं, तर अख्खा किल्लाच नाचत होता. आठानं होडीत हलत नाही असं नाही, पण पक्षी निदान नजरेतून सुटत नाही.

हिनं पैसे वसूल केले ते थंडीत. हर्णैच्या बंदरावर आणि आंजर्ल्याला खाडीच्या तोंडाशी कुरवांचे, म्हणजे सीगलचे, थवे उतरतात. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, दोघांचीही डोकी थंडीत पांढरी झालेली. डोळ्यामागे गडद ठिपका तेवढा उरतो. मग उडताना पंखाचं टोक बघायचं. टोक चांगलं काळं आणि त्यात पांढरे डाग असले तर तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेला टोकापर्यंत पांढरी पट्टी गेली असेल तर काळ्या डोक्याचा. वाळूवर बसलेला असेल तर बुबुळ बघा: प्रौढ तपकिरी डोक्याच्याचं फिकट, दुसऱ्याचं गडद. उघड्या डोळ्यांना हे सगळे नुसते ‘पांढरे पक्षी’. बंदरावर गळ्यात दुर्बीण दिसली की कुणीतरी हटकतंच, “भाऊ, आमची होडी येताना दिसते काय बघा जरा.” मग कुरव राहतात बाजूला, आपण झेंड्याचा रंग शोधत बसतो.

घरी लिहायला बसलो की खिडकीबाहेरच्या जास्वंदीवर शिंजीर येतो. साधारण दोन मीटरवरचंही स्पष्ट दिसतं, त्यामुळे लेख उशिरा जातात. संपादकांना हे कारण अजून सांगितलेलं नाही.

आता पावसाळा. कोकणात दुर्बीण मरते ती पडून नव्हे, बुरशीनं. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात आणि आत गेले की ते काढणं आपल्या हातातलं काम नाही. हिच्यात नायट्रोजन भरलेला आहे, जोडही पाणबंद आहेत, म्हणून आतून धुकं धरलं नाही. बाहेरची भिंगं मात्र आपणच सांभाळायची. सोबत आलेली फोमची पिशवी मी मिरगाआधीच बाजूला काढली, कारण ती ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलचे निळे दाणे घालून त्यात दुर्बीण ठेवतो. दाणे गुलाबी पडले की मंद आचेवर तापवायचे, पुन्हा निळे होतात. (तवा जुना घ्या, घरच्यांशी वाद नको.) समुद्रावरून आल्यावर भिंग कोरडं कधीच पुसू नका, खाराचे कण भिंगावरचा लेप खरवडतात. आधी गोड्या पाण्याची हलकी धार, मग मऊ कापड. पाणबंद नसलेल्या दुर्बिणीला हा धारेचा प्रयोग करू नका.

तक्रारी आहेतच. वरचं रबर जुलैपासून चिकट लागतंय. पट्टा अरुंद आहे, घामानं मान काचते, तो बदलला. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचे कप आत फिरवून, चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का ते दुकानातच बघावं. मला दिसतो, माझ्या भावाला जाड चष्म्यामुळे कडा कापलेल्या दिसतात.

आणि पुढच्या भिंगांची झाकणं! इतकी सैल, की एक केळशीच्या वाळूत गेलं. कंपनीला सुट्या झाकणासाठी मेल केला, उत्तर नाही. पुन्हा केला, तरी नाही. सध्या त्या भिंगावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आणि प्लास्टिकच्या बरणीचं झाकण आहे. ते मूळ झाकणापेक्षा घट्ट बसतं.