महिन्यातला एकच शनिवार : क्लाउड सुरक्षा, आयओटी की डेटा?

मावसभावाने परवा तीन लिंका पाठवल्या आणि खाली एक ओळ : "ताई, महिन्यातून एकच शनिवार हाताशी असतो. यातलं कुठलं धरू?" पहिली लिंक क्लाउड सुरक्षेच्या (भाड्याने घेतलेल्या सर्व्हरांची राखण) मीटअपची, म्हणजे त्या विषयातल्या लोकांच्या खुल्या बैठकीची, दुसरी आयओटीची (वस्तू इंटरनेटला जोडणं), तिसरी डेटाची. तिन्ही पुण्यातली, फुकट, आणि सकाळी दहाची.

तो हिंजवडीत एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे, चार वर्षं झाली. शिफ्टा, आठवड्याआड गावी पारनेरला फेरी, घरची डाळिंबाची बाग. यातून उरतो तो खरोखरच एक शनिवार. मी या तिन्ही गोतावळ्यांत गेली काही वर्षं कमीजास्त जाऊन बसते. फोनवर त्याला तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे सलग लिहिते. असा प्रश्न पडलेला तो एकटा नसणार.

भाषणं ऐकायला जायचं असेल तर जाऊच नये. बहुतेक भाषणं यूट्यूबवर असतात आणि तिथे दीडपट वेगाने पळवता येतात. घर सोडून जायचं ते भाषणाच्या आधी आणि नंतर जे घडतं त्यासाठी, आणि तीन ठिकाणचा फरक नेमका तिथेच आहे. सुरक्षेच्या मीटअपला लोक बसून ऐकतात आणि शेवटी प्रश्नांवर तुटून पडतात. आयओटीला टेबलाभोवती उभे असतात. डेटाला प्रत्येकाने आपापला लॅपटॉप उघडलेला असतो, आणि कुणाचं तरी काहीतरी अडलेलं असतं.

क्लाउड सुरक्षा

तिघांत सगळ्यात घडी बसलेला हा कळप. नल हा खुला सुरक्षा समुदाय, ओवॅस्प या वेब-सुरक्षेच्या जागतिक संस्थेचा पुणे चॅप्टर, शिवाय अ‍ॅमेझॉनचा क्लाउड वापरणाऱ्यांचा एडब्ल्यूएस यूजर ग्रुप आणि गूगलवाल्यांचा जीडीजी क्लाउड यांसारखे गट, ज्यांच्याकडे सुरक्षा अधूनमधून विषय म्हणून येते. नलवाल्यांची गोव्यातली नलकॉन परिषद २०१० पासून भरते, तिचं तिकीट महाग असतं. शहरातल्या बैठका मात्र फुकट. त्यांच्याकडे प्रत्यक्ष करून बघायच्या सत्रांना नावंही झकास आहेत : हल्ला शिकवणारं ते 'हमला', राखण शिकवणारं ते 'बचाव'. नवख्याने बचाव धरावं. हमल्याला गर्दी जास्त असते, पण सोमवारी ऑफिसात उपयोगी पडतं ते बचाव.

खोलीत काय घडतं त्याचा एक नमुना. पडद्यावर एक साधी वेबसाइट, चित्राचा पत्ता द्या, ती चित्र आणून दाखवते. वक्त्याने चित्राच्या पत्त्याऐवजी १६९.२५४.१६९.२५४ टाकलं. क्लाउडवरच्या मशीनला स्वतःची माहिती, म्हणजे मेटाडेटा, विचारायचा हा आतला पत्ता. वेबसाइटने इमानेइतबारे तिथे जाऊन त्या मशीनच्या तात्पुरत्या किल्ल्या आणून पडद्यावर ठेवल्या. २०१९ साली अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेत जे झालं ते याच वाटेने, आणि सुमारे १० कोटी अमेरिकी ग्राहकांची आणि अर्जदारांची माहिती गेली. इथवरचं तुम्हाला यूट्यूबवरही मिळेल. पण मग मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "मेटाडेटाची दुसरी आवृत्ती सक्तीची केली की आमची एक जुनी लायब्ररी मरते. तुम्ही काय केलंत?" (दुसरी आवृत्ती म्हणजे ही चोरी अवघड करणारी नवी पद्धत.) त्यावर चार कंपन्यांच्या चार माणसांनी आपापली रडगाणी आणि उपाय सांगितले, ती वीस मिनिटं कुठेच रेकॉर्ड झाली नाहीत. मी पायपीट करते ती त्या वीस मिनिटांसाठी.

अडचण अशी की रोल म्हणजे काय, बकेट म्हणजे काय, नेटवर्कचा कुठला भाग उघडा आणि कुठला बंद, हे ठाऊक नसेल तर पहिल्या दोन-तीन बैठका डोक्यावरून जातात. घरी सराव करायचा तर क्लाउडचं खातं लागतं आणि खात्याला कार्ड. प्रयोग संपल्यावर एकदा मी नॅट गेटवे, म्हणजे क्लाउडमधली तासावर पैसे घेणारी एक सोय, काढून टाकायला विसरले. महिनाअखेर तीन हजारांच्या वर बिल आलं. चूक सगळी माझीच, पण घरात ती अजून निघते. खर्चाची मर्यादा ओलांडली की मेल येईल अशी सोय खातं उघडलं त्या दिवशीच करून ठेवा. आणि शिकलेलं दुसऱ्याच्या साइटवर परवानगीशिवाय वापरून बघू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ६६. "मी फक्त बघत होतो" हा बचाव तिथे चालत नाही.

एक बाजू मात्र सपोर्टवाल्यांच्या पथ्यावर पडणारी आहे. एप्रिल २०२२ मधल्या सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, आदेशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे सिस्टीमने आपोआप ठेवलेल्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. रात्री दोनला लॉग चाळून 'गडबड इथून सुरू झाली' हे सांगता येणारा माणूस आता सुरक्षेच्या टीमला हवा असतो. मावसभाऊ हेच करतो, त्याला ते कौशल्य वाटत नाही इतकंच.

आयओटी

इथे घडी कमी आणि जीव जास्त. गट उगवतात, वर्षभर जोरात चालतात, मग मुख्य माणसाची बदली झाली की थंडावतात. कॉलेजच्या लॅब, एखादी मेकरस्पेस, कुणाचं वर्कशॉप, अशा जागी भरतात. त्यामुळे जायच्या आधी मागची बैठक कधी झाली ते बघा. सहा महिने काही झालं नसेल तर तो गट कागदावरच आहे. पुण्यापासून थोडं लांब, शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम हा या सगळ्यातला जुना जाणता. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर जगात ज्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅब, म्हणजे वस्तू करून बघायच्या कार्यशाळा, झाल्या, त्यांतली एक तिथली. मीटअप म्हणतात तसं ते नाही, पण वस्तू हाताने करून शिकायची हे तिथे ज्यांनी पाहिलं त्यांना एसी खोलीतला डेमो जरा फिका वाटतो.

आयओटीच्या सत्रात तीन तासांपैकी पहिला एक तास केबलमध्ये जातो. हे मी विनोदाने लिहीत नाही. बोर्ड आणलेला असतो, ईएसपी३२ नावाचा, सेन्सर जोडायचा वायफायवाला छोटासा संगणक, चार-पाचशे रुपयांचा. लॅपटॉपला जोडला की लाल दिवा लागतो, पण लॅपटॉपला तो दिसत नाही. ड्रायव्हर टाकून होतो, लॅपटॉप बंद-चालू होतो, पोर्ट बदलून होतं. मग कुणीतरी अनुभवी येतो आणि केबल बदलतो. आधीची केबल नुसती चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. त्यानंतरचा अर्धा तास वायफायचा. हा बोर्ड २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतो, आणि कंपनीच्या पाहुण्यांच्या वायफायला आधी ब्राउझरमध्ये नाव-नंबर भरावा लागतो. बोर्डाला ब्राउझर कुठला? शेवटी कुणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट चालू होतो, तोही २.४ वर आणून. उरलेल्या दीड तासात मातीतला ओलावा फोनवर दिसतो, आणि त्या क्षणी खोलीत जो आरडाओरडा होतो तो सुरक्षा किंवा डेटाच्या मीटअपमध्ये मी कधी ऐकलेला नाही.

सुटे भाग घ्यायचे तर बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास. ऑनलाइन स्वस्त पडतं, पण दुकानदाराला काय करायचंय ते सांगितलं की चुकीची वस्तू परत ठेवायला लावतो. ओलाव्याचा दोन काट्यांचा स्वस्त सेन्सर मातीत काही आठवड्यांत गंजतो, कपॅसिटिव्ह, म्हणजे ज्याचा उघडा धातू मातीला लागत नाही तो, घ्या, हे मला तिथेच कळलं.

मावसभावाला ही लिंक सगळ्यात जास्त खुणावत होती, बागेमुळे. मी म्हटलं, तुमच्या विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर कधीपासून आहे? मिस कॉल दिला की मोटार चालू, लाइट गेली की फोन. काका आयओटी हा शब्द न ऐकता इतकी वर्षं आयओटी वापरत आहेत. त्याच्यावर मीटअपमध्ये शिकून काय चढवणार, ते आधी ठरव. ओलाव्याप्रमाणे ठिबकचे व्हॉल्व्ह उघडायचे असतील तर बोर्ड सोपा आहे. उन्हातान्हात, पावसात, उंदरांत टिकेल असा डबा करणं अवघड आहे, आणि त्यावर मीटअपमध्ये क्वचितच कुणी बोलतं.

नोकरीच्या दृष्टीने हा रस्ता लांबचा. कोडसोबत इलेक्ट्रॉनिक्स, आणि पुण्यात बहुतेक अशा जागा वाहनउद्योगाच्या आसपास, जिथे सी भाषेचा पाया विचारतात. सपोर्टमधून थेट उडी पडत नाही. सुरक्षेचीही इथे जरा हेळसांड असते. सेन्सरचे निरोप ने-आण करणाऱ्या एमक्यूटीटीचं पोर्ट १८८३, म्हणजे बिनकुलपाचं, डेमोत वापरतात आणि तेच पुढे शेतात जातं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. हे सांगणारा माणूस आयओटीच्या खोलीत एखादाच, आणि त्याला सगळे 'नंतर बघू' म्हणतात.

डेटा

इथे दोन अगदी वेगळ्या जाती आहेत आणि नावावरून ओळखू येत नाहीत. एक जात करिअरवाल्यांची. शेवटच्या स्लाइडवर कोर्सची फी असेल तर ओळखा. एआयची लाट आल्यापासून ही जात माजली आहे. दुसरी जात कामकऱ्यांची : पायथनपुणेसारखे प्रोग्रामिंग भाषेचे गट (२०११ ची पायकॉन इंडिया ही पायथनवाल्यांची परिषद पुण्यात झाली होती, म्हणजे इथली ही वस्ती जुनी), आणि २०११ मध्येच सुरू झालेला डेटामीट, ज्याची माणसं सरकारी आकडे, नकाशे, बसचे मार्ग असलं सार्वजनिक सामान घेऊन बसतात.

अशाच एका बैठकीत आमच्या टेबलाने ठरवलं, जिल्हावार पाऊस आणि लोकसंख्या एकत्र मांडू. दोनच फाइली. एक्सेलला जमेल असं काम, तासाभरात उरकेल असं वाटलं. पावसाच्या फाइलीत ३६ जिल्हे, २०११ च्या जनगणनेत ३५. एक कुठे गेला? पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. बरं, उरलेले तरी जुळावेत? एकीकडे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, दुसरीकडे औरंगाबाद आणि उस्मानाबाद. अहिल्यानगर तर २०२४ मध्ये बदललं, त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन फाइलींत दोन नावं. बीडचं इंग्रजी स्पेलिंग जनगणनेत एका 'आय'चं, बाकी सगळीकडे दोन 'ई'चं. गोंदियात मध्येच 'वाय'. तासभर हेच चाललं, मग शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी शांतपणे सांगितलं की नावांवरून जोडूच नका, केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला क्रमांक आहे, त्यावरून जोडा. आलेख त्या दिवशी झाला नाही. पण त्यानंतर ऑफिसातल्या ग्राहकयादीतले दुबार नोंदींचे घोळ मी अर्ध्या वेळात सोडवू लागले.

डेटाची ही बाजू कंटाळवाणी आहे हे कबूल. खर्च मात्र शून्य, जुना लॅपटॉप चालतो, आणि पुढच्याच आठवड्यात कामात वापरता येतं. फक्त कंपनीची खरी फाइल सरावाला नेऊ नये, नावं झाकूनही नाही. वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. शिवाय शेजारी कोण बसलंय ते तुम्हाला माहीत नसतं.

तिन्हीकडचं सारखंच

बैठक कंपनीत असेल तर गेटवर ओळखपत्र आणि लॅपटॉपचा नंबर लिहून घेतात, पंधरा मिनिटं धरून चाला. भाषण इंग्रजीत, चहा मराठी-हिंदीत. जागा खराडीत निघाली तर कोथरूडकरांनी वनाझहून रामवाडीपर्यंत मेट्रो आणि पुढे रिक्षा, गाडीपेक्षा लवकर पोचतात. बायका तिन्हीकडे कमीच. त्यातल्या त्यात डेटाला जास्त, सुरक्षेच्या खोलीत मी कित्येकदा दोघींतली एक असते. संध्याकाळी सातची बैठक ठेवून 'बायका का येत नाहीत' असं विचारणाऱ्या आयोजकांना उत्तर देणं मी सोडलंय. नाव नोंदवून न येणारे सगळीकडे इतके, की आयोजक समोसे अंदाजानेच सांगतात.

मग कुठलं धरायचं? आधीपासून क्लाउडवर काम असेल तर दुसरा विचार न करता सुरक्षा. हात शिवशिवत असतील, नोकरी स्थिर असेल आणि निकालाची घाई नसेल तर आयओटी, पण सोबत आणखी एकजण घेऊन, कारण एकट्याचा बोर्ड घरी आल्यावर ड्रॉवरमध्ये जातो. आणि मावसभावासारखं असेल, म्हणजे चार वर्षं सपोर्ट, लॉग वाचायची सवय, कोड थोडाफार, तर आधी डेटाचे तीन-चार शनिवार, कामकऱ्यांच्या गटातले. लॉग हाही डेटाच आहे. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आणि थोडं पायथन बसलं की त्याच लॉगांचा हात धरून सुरक्षेच्या 'बचाव'ला जाता येईल, आणि तेव्हा ते डोक्यावरून जाणार नाही.

त्याला पटलं असावं. येत्या शनिवारी पारनेरच्या महसूल मंडळांचे पावसाचे आकडे घेऊन डेटाच्या बैठकीला जातोय. काल घरी आला होता. जाताना माझ्या ड्रॉवरमधली चांगली केबल, डेटाच्या तारा असलेली, मागून नेली. कशाला ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.