चर्च पुन्हा बंद: यूट्यूब, झूम, व्हॉट्सॲप की साधा फोन?

४ एप्रिल २०२१, ऐन ईस्टरच्या दिवशी कोरोनामुळे राज्य सरकारचा आदेश निघाला आणि प्रार्थनास्थळं पुन्हा बंद झाली. मार्च २०२० मध्ये लागलेली कुलपं १६ नोव्हेंबरला, पाडव्याला निघाली होती. जेमतेम साडेचार महिने उपासना झाल्या, तोवर परत तेच. या खेपेला एक बरं आहे की बहुतेक मंडळ्यांनी, म्हणजे एकेका चर्चच्या समुदायांनी, वर्षभरात सगळे प्रकार करून पाहिलेत. आता कमिटीत ‘काय चालू ठेवायचं’ यावर खल करणाऱ्यांसाठी हे एप्रिल २०२१ मध्ये लिहितोय. डोळ्यांसमोर आहे ती नगरकडची मध्यम मंडळी: ऐंशी-नव्वद घरं, तरुण पोरं पुण्या-मुंबईला, म्हातारी माणसं गावात, आणि घरात धड चालणारा फोन एकच.

यूट्यूब लाइव्हचा मोह सगळ्यांत मोठा. पण २०२१ मध्ये मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करायचं तर चॅनलला १,००० सबस्क्रायबर लागत होते. एवढ्याशा मंडळीला ते कुठून जमायचे? लॅपटॉपवरून ती अट नाही, मात्र पहिल्यांदा लाइव्ह सुरू व्हायला २४ तास जाऊ शकतात. म्हणजे शनिवारी रात्री धावपळ करून उपयोग नाही. कॅथलिकांना हा मार्ग सहज मानवला. फादर वेदीपाशी मिस्सा (त्यांची मुख्य उपासना) अर्पण करतात, घरी बसलेले आध्यात्मिक कम्युनियनची, म्हणजे भाकर प्रत्यक्ष न घेता ख्रिस्ताला मनोमन स्वीकारण्याची प्रार्थना म्हणतात. २७ मार्च २०२० ला रिकाम्या सेंट पीटर्स चौकात, पावसात पोप फ्रान्सिस यांनी दिलेला आशीर्वादही जगाने असाच घरून घेतला. आम्हा प्रोटेस्टंटांकडे मात्र निम्मी उपासना गाण्यांत. नुसतं बघत बसायचं म्हटलं की दुसऱ्या गीतालाच माणूस चहा टाकायला उठतो. शिवाय प्रार्थनेच्या विनंत्या नावानिशी वाचल्या, तर कोणाच्या घरी कोरोना झालाय हे गावभर होतं, आणि व्हिडिओ राहतो तो राहतोच. सणासुदीला यूट्यूब ठीक, दर रविवारी नको.

झूमवर माणसं एकमेकांना दिसतात, ही मोठी गोष्ट. उपासनेआधीची दहा मिनिटं, जेव्हा एकेक चौकोन उघडतो आणि ‘सलाम, सलाम’ सुरू होतं, ती मला संदेशापेक्षाही (प्रवचनापेक्षाही) मोलाची वाटतात (पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, हे वाचू नये). अडचणी गाण्यापासून सुरू होतात. आवाज पोहोचायला प्रत्येकाला कमी-जास्त वेळ लागतो, त्यामुळे एकत्र गायलं की नुसता गलका होतो. एकाने गावं, बाकीच्यांनी म्यूट होऊन घरात गळा मोकळा करावा. पेटीचा लांबवलेला सूर झूमला गोंगाट वाटतो आणि तो मधूनच गिळून टाकतो. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केलं की बराच फरक पडतो. फुकटच्या खात्यावर ४० मिनिटं आणि १०० जोडण्या मिळतात. संदेश आवरता घेण्यासाठी ४० मिनिटांची मर्यादा वाईट नाही, असं आमच्याकडे उघडपणे कोणी म्हणत नाही. एप्रिल २०२० मध्ये गृह मंत्रालयाने झूमबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. म्हणून वेटिंग रूम चालू ठेवा, स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे ठेवा आणि लिंक जाहीर टाकू नका. आठवड्याची प्रार्थनासभा, संडेस्कूल, तरुण संघ यांना झूमच बरं.

व्हॉट्सॲपवरची ध्वनिफीत दिसायला साधी, पण माझं मत तिलाच. वीस मिनिटांत एक गीत, एक वाचन, छोटा संदेश आणि आशीर्वाद बसतो. हे सगळं थोड्या एमबीत मावतं, रेंज नसलेल्या वस्तीवरही कधीतरी उतरतं, आणि मुलगा संध्याकाळी फोन घेऊन घरी आला की आजीला ऐकता येतं. लाइव्हला ही सवड नाही. दोन खाचखळगे आहेत. ग्रुपवर ‘फक्त ॲडमिन’ ही सोय लावा, नाहीतर ‘आमेन’ आणि जोडलेल्या हातांच्या ढिगात फीत सापडत नाही. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल, तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना काहीच पोहोचत नाही. तुम्हाला वाटतं गेलं, ते वाट बघत बसतात.

आणि साधा फोन. यात पैसा लागत नाही, वेळ लागतो, म्हणून कमिट्या तो शेवटी धरतात. पण वरच्या तिन्ही मार्गांत मंडळी पाळकांना ऐकते. मंडळीचं कोण ऐकतं? औषध संपलंय, मुलाची नोकरी गेलीय, मयतीला चारच माणसं जमली, हे आजी झूमवर सांगत नाहीत. पाळकांनी एकट्याने नव्वद घरं करायची म्हटली तर ते दमतात आणि ठरावीक घरांनाच फोन जातात. कमिटी आणि महिला मंडळ मिळून नऊ-दहा जणांनी प्रत्येकी दहा घरं वाटून घ्यावीत.

प्रभुभोजनाचं मी ठरवू शकत नाही. पडद्यासमोर भाकर-द्राक्षारस चालतो की नाही, ते बिशपांना विचारा आणि ते सांगतील तसं करा. यावर ग्रुपमध्ये वाद घालू नका.

दानार्पणाचा क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच असावा, खजिनदाराच्या खाजगी खात्याचा नको, माणूस कितीही विश्वासू असला तरी. पाकीट देणाऱ्यांची पाकिटं दार उघडेपर्यंत घरीच राहू द्यात.

थोडक्यात ज्यांना निवडच करायचीय त्यांनी फोन आणि ध्वनिफीत आधी बसवावी, झूम आठवड्यातून एकदा, यूट्यूब नाताळ-ईस्टरपुरतं. फोनच्या यादीत ज्यांचा नंबर लागत नाही त्यांच्या नावापुढे खूण करा, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या घरी फोन करून त्यांची विचारपूस करा.