थायलंड फ्री म्हणाले आणि दीड लाखाचा चुना लावून गेले

नवीन गाडी घेतलेल्यांनी हे जरा निवांत वाचा, कारण फुकट सहलीचं आमिष दाखवून हॉलिडे क्लबची मेंबरशिप गळ्यात मारणारी मंडळी नेमकं तुम्हालाच हुडकत असतात.

२०२५ च्या दसऱ्याला आम्ही गाडी घेतली. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर येणार हे कळल्यामुळं तोवर दम धरला होता. गर्दी ओसरल्यावर गाडी अंबाबाईला नेली, पार्किंग काय मिळंना, मग लांबूनच नारळ फोडला, पेढे वाटले, झालं. गाडी एकदम नाद खुळा आहे, तिच्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती गाडी घेताना आजूबाजूला कुठंतरी भरलेल्या एका कुपनाबद्दल. असली कुपनं पेट्रोल पंपावर, एक्झिबिशनमध्ये, मॉलच्या दारात सगळीकडं ठेवलेली असतात, एक पारदर्शक डबा आणि त्यावर समुद्राचा फोटो. नाव, मोबाईल, लग्न झालंय का, गाडी कुठली, क्रेडिट कार्ड आहे का, महिन्याचं उत्पन्न किती. आता लकी ड्रॉला उत्पन्न कशाला पाहिजे? तर ड्रॉ वगैरे काही नसतोच, तो डबा म्हणजे गिऱ्हाइकांची यादी.

थोड्या दिवसांनी फोन आला. अभिनंदन सर, तुम्हाला तीन रात्री चार दिवस थायलंड लागलंय, शिवाय मुलासाठी गेमिंग कन्सोल, फक्त रविवारी संध्याकाळी येऊन व्हाउचर घेऊन जा. अटी तीन. नवरा बायको दोघंही पाहिजेत, क्रेडिट कार्ड आणि आधार ‘व्हेरिफिकेशन’साठी सोबत पाहिजे आणि दोन तास वेळ पाहिजे. दोघं का पाहिजेत, तर एकटा माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठून जातो. दोघं असली की ती वाटच बंद.

आमचा पोरगा सातवीत. गेमिंग कन्सोल हा शब्द कानावर पडल्यापासून त्यानं घर डोक्यावर घेतलं. मोबाईलवर गेम खेळून खेळून डोळे गेले म्हणून ही रोज ओरडत असते, पण टीव्हीवर तरी खेळंल म्हणून तीही तयार झाली.

हायवेला लागून असलेल्या एका हॉटेलचा हॉल होता. आत गेल्या गेल्या पोराला एका कोपऱ्यात नेलं, तिथं मोठी स्क्रीन, स्टिअरिंग लावलेली सीट आणि कार रेसिंगचा गेम. पोरगं तिथं चिकटलं ते चिकटलंच. पुढं दोनदा ‘अहो, चला की’ म्हणून ही उठली तर पोरगं जागचं हलंना, आणि आम्ही परत खुर्चीत. बाकी हॉलभर गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि कंपनीचा एक सेल्समन टाय घालून. गाणी इतक्या मोठ्यानं की बायकोशी हळू आवाजात दोन शब्द बोलायची सोय नाही. मधेच माईकवर ‘अमुक फॅमिली मेंबर झाली’ अशी घोषणा, टाळ्या, फुगे फुटणार. त्यातलं एक जोडपं आम्ही निघालो तेव्हा मागच्या बाजूला कंपनीच्याच स्टाफबरोबर चहा पीत हसत होतं, त्यावरून काय ते समजा.

आता आमच्या टेबलावरचा सेल्समन काय करत होता ते इस्कटून सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. त्याच्याकडं एक कोरं पॅड. दरवर्षी फिरायला किती खर्च होतो विचारलं, आम्ही सांगितलेला आकडा लिहिला, त्यावर महागाई धरली, गुणिले पंचवीस वर्षं, आणि खाली पंचवीस तीस लाखांचा आकडा काढून त्याला दोनदा गोल केला. मग बाजूला लिहिलं, हॉलिडे क्लबची मेंबरशिप, म्हणजे एकदाच पैसे भरा आणि दरवर्षी फिरा, ३,६०,०००. आम्ही नको म्हटलं की मॅनेजर येणार, आकडा खोडून २,२०,००० करणार, परत नको म्हटलं की दुसरा येणार, आणि शेवटी ‘फक्त आजच्या दिवशी’ १,४५,०००. विमानाचं तिकीट फ्री, सीझनमध्येही बुकिंग मिळणार, नो कॉस्ट ईएमआय, नाही आवडलं तर कधीपण कॅन्सल. हे सगळं त्यानं आमच्यासमोर त्या पॅडवर स्वतःच्या हातानं लिहिलं. सही झाली, कार्ड स्वाइप झालं, आणि तो कागद त्यानं टर्रकन फाडून स्वतःच्या फोल्डरमध्ये घातला. मी मागितला तर म्हणाला, सर हे रफ आहे, तुमचा फेअर करार घरी येईल.

वडगावच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, पण तिथं निदान म्हैस तरी समोर उभी असते.

लोक म्हणतात शिकलेली माणसं असली कशी फसतात. अहो, त्या हॉलमध्ये एक डॉक्टर होते, एक बँकेतले होते. अडीच तास डोक्याशी बडबड, पोराचा दंगा, पोटात भूक आणि समोर पेन. तिथं शिक्षणाचा काय संबंध?

करार आणि मेंबरशिपचं किट आलं कुरियरनं, तेही दोन आठवडे उलटल्यावर. आणि करारात काय, तर रद्द करायचं असेल तर दहा दिवसांच्या आत दिल्लीच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवायचं, ईमेल चालणार नाही, आणि तोंडी दिलेली कुठलीही आश्वासनं कंपनीवर बंधनकारक नाहीत. म्हणजे करार हातात पडायच्या आधीच मुदत संपली. वर दरवर्षी ९,५०० रुपये मेंटेनन्स, फिरायला जा नाहीतर घरी बसा. नो कॉस्ट ईएमआयवर व्याज लागलंच, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीही. आणि कन्सोल! डब्यात प्लास्टिकचं एक खेळणं, टीव्हीला जोडायची वायर, डब्यावर ‘४०० गेम्स’. पोरानं लावून बघितलं तर तेच पाच सहा गेम नावं बदलून परत परत. एक बटण पहिल्याच दिवशी आत गेलं ते वर आलंच नाही.

तरी म्हटलं थायलंड तर लागलंय. नाताळच्या सुट्टीसाठी फोन केला तर शनिवार, रविवार, सणवार चालत नाहीत, साठ दिवस आधी तीन तारखा कळवा, त्यातली कुठली द्यायची ते ते ठरवणार, विमान तुमचं तुम्ही बघा. माणशी ४,९९९ ‘युटिलिटी चार्ज’, माणशी ३,५०० व्हिसा प्रोसेसिंग, आणि अरायव्हल कार्डचे, म्हणजे त्या देशात शिरायच्या आधी भरायच्या फॉर्मचे, वेगळे हजार. इथं माझं डोकं सटकलं. कारण त्या वेळी भारतीय पासपोर्टवर साठ दिवसांपर्यंत थायलंडला व्हिसाच लागत नव्हता, जुलै २०२४ पासून तसा नियम होता. आणि १ मे २०२५ पासून सुरू झालेलं डिजिटल अरायव्हल कार्ड थायलंडच्या सरकारी साइटवर पोहोचायच्या तीन दिवस आधीपासून फुकट भरता येतं.

शेवटी आम्ही आमचीच तिकिटं काढली, मुंबईहून बँकॉक चारेक तासांचं विमान, आणि पोरगं एमबीके मॉलमधल्या गेमच्या दुकानापुढं उभं. अरायव्हल कार्ड मी घरात बसून भरलं होतं, एक रुपया लागला नाही.

परत आल्यावर पोलीस स्टेशनला गेलो. तुम्ही स्वतः सही केलीय, सिव्हिल मॅटर आहे, असं उत्तर मिळालं. कार्डाच्या बँकेत डिस्प्यूट, म्हणजे त्या स्वाइपवर हरकत, टाकला तर कंपनीनं आमच्या सहीची स्लिप पुढं केली. मग आमच्या तालमीतल्या एका वकील मित्रानं सांगितलं की करारात ‘वाद फक्त दिल्लीच्या कोर्टात’ असं छापलं असलं तरी २०१९ च्या ग्राहक कायद्यात आपण जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून नोंद केली, मग कोल्हापूरच्या आयोगात तक्रार टाकली. कुरियरच्या पाकिटावरची तारीख हा सगळ्यात मोठा पुरावा निघाला, बायकोनं ते पाकीट किराण्याच्या याद्या ठेवायला वापरलं होतं म्हणून वाचलं.

तक्रार टाकल्यावर नवीन प्रकार सुरू झालाय. ‘सर, आम्ही लीगल सेलमधून बोलतोय, तुमची पूर्ण रक्कम मंजूर झालीय, फक्त १८ टक्के टॅक्स आधी भरा.’ माझा मेंबरशिप नंबर, रक्कम, तारीख सगळं तोंडपाठ. म्हणजे ती यादी पुढं विकलेली आहे. रिफंड द्यायचाच असेल तर टॅक्स त्यातूनच कापून घ्या की, असं म्हटलं तर फोन कट. ते नंबर पण तक्रारीला जोडलेत.

त्या रविवारी आमच्या शेजारच्या टेबलांवर कागलचं एक आणि इचलकरंजीचं एक कुटुंब होतं, दोघांनीही सह्या केल्या होत्या. त्यांचे नंबर माझ्याकडं नाहीत. तुम्ही किंवा तुमचं ओळखीचं कुणी असंल तर करार, स्वाइपची स्लिप आणि कुरियरचं पाकीट जपून ठेवा आणि मला कळवा. वकील म्हणतोय आयोगानं परवानगी दिली तर सगळ्यांची मिळून एकच तक्रार चालवता येते.