चिऊ-काऊ, भोपळा की सात शेपट्यांचा उंदीर? वाचनालयातल्या गोष्टीच्या तासासाठी काय निवडाल

वाचनालयाच्या बालविभागात गोष्टीचा तास सुरू करायचं ठरलं की पहिला विषय प्राण्यांचाच निघतो, आणि ते योग्यच आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाघ, उंदीर, चिमणी यांची ओळख करून द्यावी लागत नाही. घोडं अडतं ते पुढे: गोष्ट कोणती घ्यायची आणि तिच्या जोडीला हाताने काय करायचं? निवडताना मी एकच कसोटी लावते. मुलांनी केलेली वस्तू गोष्टीत कामाला आली पाहिजे. गोष्ट संपल्यावर सगळ्यांना सशाचं चित्र रंगवायला दिलं की तो रंगकामाचा तास होतो, गोष्ट मागेच राहते. या कसोटीवर घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या तीन गोष्टी आणि आणखी दोन पर्याय पाहू.

चिऊ-काऊची गोष्ट तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी सगळ्यात भरवशाची. पात्रं दोनच, दार एकच, आणि चिऊताई दर वेळी तेच उत्तर थोडं बदलून देते. दुसऱ्या फेरीपासून मुलं आपणहून ‘थांब, माझ्या बाळाला...’ म्हणायला लागतात. हस्तकला तर गोष्टीतच दडलेली आहे. पांढऱ्या कागदावर दोन घरं काढून द्या. चिऊचं घर मुलांनी मेणाच्या खडूने दाबून, गच्च रंगवायचं. काऊचं घर तपकिरी जलरंगाने रंगवायचं. मग ‘पाऊस आला’ म्हणत दोन्ही घरांवर ओल्या ब्रशने निळं पाणी फिरवायचं. मेणावरून पाण्याचे थेंब ओघळून जातात, आणि जलरंगाचं घर डोळ्यांदेखत विरघळतं. चिऊचं घर का टिकलं हे कुणी सांगावं लागत नाही. खडू मात्र खरंच दाबून फिरवायला हवा. फिका हात फिरला तर पाणी मधल्या फटींतून शिरतं, म्हणून लहानांचा कागद एकदा मोठ्यांनी पाहून घ्यावा.

अडचण आहे ती शेवटाची. काही घरांत काऊला चटका बसतो, काही घरांत तो पाहुणचार घेऊन जातो. बालविभागात मी दुसरा शेवट निवडेन, कारण गारठलेल्या, भिजलेल्या कावळ्याचं मुलांना मनापासून वाईट वाटत असतं.

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट मोठ्या घोळक्यासाठी. वीस-पंचवीस मुलं, त्यातली निम्मी बसायला तयार नाहीत, अशा सकाळी तीच घ्या. वाघ, अस्वल, कोल्हा अशा भूमिका वाटता येतात आणि ‘टुणुक टुणुक’ म्हटलं की सगळ्यांना उड्या मारता येतात. इथे बहुतेक जण मुखवटे करायला घेतात. माझं मत स्पष्ट आहे: पाच वर्षांखाली मुखवटा नको. डोळ्यांची भोकं जागेवर येत नाहीत, इलॅस्टिक कानाला काचतं, आणि चेहरा झाकलेलं मूल बघून शेजारचं धाकटं रडू लागतं. त्याऐवजी डोक्याची पट्टी करा, तिच्यावर फक्त कान. 22 बाय 28 इंचांच्या कार्डशीटमधून 22 इंच लांबीच्या आणि दोन इंच रुंदीच्या चौदा पट्ट्या निघतात. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण 50 सेंटिमीटर असतो, त्यामुळे पट्टी डोक्याभोवती फिरून चिकटवायला पुरेसा कागद उरतो. वाघाचे कान गोल, कोल्ह्याचे टोकदार, अस्वलाचे गोल पण काळे. चेहरा उघडा राहतो, आवाज मोकळा राहतो. या तासाला जागा लागते, एवढं लक्षात ठेवा. कपाटांच्या मधल्या बोळात ही गोष्ट रंगत नाही.

आता सात शेपट्यांचा उंदीर. मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. शाळेतली मुलं उंदराला सात शेपट्यांवरून चिडवतात, तो रोज एक शेपूट कापून येतो, चिडवणं काही थांबत नाही. हस्तकला इथे आधी होते. जाड कागदाचा लिंबाएवढा उंदीर आणि मागे चिकटवलेल्या सात शेपट्या प्रत्येकाच्या हातात असतात, आणि गोष्ट पुढे सरकते तसतशी मुलं एकेक कापतात. शेपट्यांना लोकर सुचते, पण ती घेऊ नका. मुलांच्या बोथट कात्रीत लोकर नुसती दुमडते. एक सेंटिमीटर रुंदीची कागदी पट्टी एका ‘कच्’मध्ये कापली जाते, आणि तीन वर्षांच्या मुलाला नेमकं तेवढंच जमतं, रेषेवरून कापणं त्याला अजून जड जातं. कापलेल्या शेपट्या सतरंजीवर ओळीने मांडायच्या. किती गेल्या, किती उरल्या, हा हिशेब मुलं स्वतःच करतात.

सातव्या शेपटीशी थांबा. ‘कापायची का?’ असं खरंच विचारा आणि उत्तरासाठी वेळ द्या. काही मुलं ठाम नाही म्हणतात. त्यांचा उंदीर शेपटीसकट घरी जाऊ द्यावा, गोष्ट वेगळी झाली तरी चालेल. ज्या मुलाला शाळेत काही ना काही म्हणून हाक मारतात, ते या वेळी एकदम गप्प होतं किंवा एकदम खूप बोलतं. सांगणाऱ्याने त्याच्याकडे लक्ष ठेवावं.

पोळ्याच्या सुमाराला मातीचा बैल करावासा वाटतोच. श्रावण अमावास्येच्या आधीच्या रविवारी मुलांच्या घरीही तीच गडबड असते, आणि विदर्भातल्या मुलांना दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यामुळे बैल अधिकच जवळचा. पण शाडू पावसाळी हवेत लवकर वाळत नाही, म्हणजे बैल त्याच दिवशी घरी नेता येत नाही, आणि चिखलाचे हात पुस्तकांजवळ नकोत. व्हरांडा आणि नळ असेल तरच घ्या. नसेल तर घरून बैल आणायला सांगा आणि वाचनालयात फक्त झूल रंगवा.

शेकरू हा पाचवा पर्याय. आपला राज्यप्राणी, भीमाशंकरच्या जंगलात दिसणारी मोठी खार, झाडाच्या शेंड्याकडे काटक्या-पानांचं गोल घरटं बांधणारी. माहिती सुंदर आहे, पण तिच्यात ‘मग काय झालं?’ नाही. सहा वर्षांपुढच्यांसाठी ठेवा.

वाचून दाखवायचं की तोंडी सांगायचं, हेही ठरवावं लागतं. दहा मुलांपर्यंत चित्रपुस्तक चालतं. त्यापुढे मागच्या ओळीला चित्र दिसत नाही आणि चुळबुळ सुरू होते, तेव्हा तोंडीच सांगा आणि पुस्तकं नंतर सतरंजीवर पसरून ठेवा. प्राण्यांची मराठी पुस्तकं कमी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर 2015 पासून मुक्त परवान्याखाली पुस्तकं मिळतात. ती पडद्यावर मोठी करून दाखवता येतात किंवा छापूनही घेता येतात.

सामान घेताना चिकटवायचे हलणारे डोळे आणि मणी टाळा. मोठ्या मुलांसोबत दीड-दोन वर्षांची भावंडं येतातच, आणि त्यांच्या हाती लागलेली वस्तू थेट तोंडात जाते. डोळे स्केचपेनने काढले तरी उंदीर उंदीरच दिसतो.

नव्याने सुरू करणार असाल तर पहिल्या तासाला उंदीर घ्या: जागा कमी लागते आणि खर्च जवळजवळ फक्त कागदाचा. पाऊस लागला की चिऊ-काऊ. भोपळा सुट्टीत, जेव्हा अंगण किंवा सभागृह मोकळं असेल. आणि प्रत्येक गोष्ट पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगा. घरी नेलेले उंदीर आणि कानांच्या पट्ट्या घेऊन या, असं पालकांना आधीच सांगून ठेवा.